निवारा संस्थेला द्या, पण कुत्री पालिकेचीच राहू द्या

भटक्या कुत्र्यांचा निवारा एखाद्या संस्थेला चालवायला द्या, असं कुणी म्हणालं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, संस्थावाले कागदावरच कुत्री पकडतात आणि बिलं काढतात. दुसरा म्हणतो, एकदा संस्था आली की पालिकेनं लक्ष घालायची गरजच नाही, प्राणीप्रेमी बघून घेतील. मला दोन्ही पटत नाही. माझी सगळी नोकरी खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात बिलं तपासण्यात गेली. त्यामुळे मी या विषयाकडे कुत्र्याच्या बाजूनं कमी आणि देयकाच्या बाजूनं जास्त बघतो. पोस्ट लांबलीये, चहा घेऊन बसा.

आधी कायद्याचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार (त्याआधी २००१ चे होते) भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्या महापालिकेची किंवा नगरपालिकेची जबाबदारी आहे. ते काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घेता येतं. कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला छोटा काप द्यायचा, आणि या सगळ्यावर देखरेख समिती हवी. एवढं तर बऱ्याच जणांना माहीत असतं.

गोष्ट बदलली ती २०२५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्टला सांगितलं की नसबंदी, लस, जंतनाशक झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडा. फक्त पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली आणि आक्रमक तेवढी सोडू नका. मग ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, तिथं पुन्हा सोडू नका, असं आलं. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात याचा अर्थ काय होतो, ते एकदा रात्री फलाटावर चक्कर मारून बघा.

आता इथं खरी गोम आहे. नसबंदी केंद्र आणि निवारा या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि निविदा काढताना त्या एकाच वाक्यात घुसडल्या जातात. नसबंदी केंद्रात कुत्रं येतं, ऑपरेशन होतं, टाके सुकेपर्यंत काही दिवस राहतं, लस घेऊन जातं. ते लॉजिंगसारखं आहे. निवाऱ्यात आलेलं कुत्रं मात्र तिथंच म्हातारं होणार. दहा वर्षं जगलं तर साडेतीन हजारांहून जास्त दिवस त्याला रोज खायला घालायचं, पाणी पाजायचं, गू काढायचा, आजारी पडलं तर डॉक्टर आणायचा. प्रत्येक ऑपरेशनमागे अमुक रुपये, अशा दरानं हे कसं भागणार? ऑपरेशन एकदाच होतं. ते झाल्यावर त्या कुत्र्याच्या नावावर संस्थेला एक पैसा मिळायचा नाही आणि खर्च मात्र तसाच चालू राहील. मग दोनच वाटा उरतात. संस्था लोकांकडे हात पसरते, नाहीतर कुत्री ‘कमी’ होतात. कशी कमी होतात, ते मी लिहीत नाही.

हात पसरण्याचंही बघा. आपल्याकडे पांजरपोळांची जुनी परंपरा आहे. व्यापाऱ्यांनी धर्मादाय काढून भाकड गाई, म्हातारे बैल सांभाळले, आजही सांभाळतात. पालिकेचा कोंडवाडा वेगळा. तिथं मोकाट गुरं कोंडायची, मालकानं दंड भरला की सोडायची. पण गाईसाठी चाऱ्याची गाडी पाठवणारा शेठ कुत्र्यासाठी पोळ्यांचं पीठ देईलच असं नाही. थोडे देतीलही, पण त्यावर निवारा चालत नाही. वर्गणीवर निवारा चालेल असं गृहीत धरून करार केला, तर तो पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल.

उन्हाळ्यावरून आठवलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. कमीत कमी दराच्या निविदेत काय येतं? चार भिंती आणि वर पत्रे. दुपारी दोनला त्या पत्र्याखाली माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही, तिथं केसाळ जनावर साखळीला. म्हणून छत कसलं, जाळी कसली, पाणी कुठून, हे करारातच आलं पाहिजे. टँकरचं पाणी असेल तर टँकर कोण पाठवणार हेसुद्धा. आपण जळगाव जिल्ह्यात केळीची टिश्यूकल्चरची रोपं शेडनेट आणि फॉगरखाली लेकरासारखी जपतो, म्हणजे तंत्र आपल्या दारात आहे. कुत्र्यांच्या शेडला ते लावायला कुणी परदेशातून यायला नको.

पैशाचा दुसरा भाग, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. ‘प्रति शस्त्रक्रिया’ दरात कापणं मोजलं जातं, जपणं मोजलं जात नाही. नसबंदीत काढलेले अवयव मोजून बिल मंजूर करतात, ही पद्धत बोगस आकड्यांवर चांगला चाप आहे. पण कुत्रं ऑपरेशननंतर किती दिवस ठेवलं, त्याला रेबीजची लस खरंच टोचली का, जळगावातल्या पिंप्राळ्याचं कुत्रं पिंप्राळ्यातच सोडलं की एमआयडीसीच्या कडेला, हे बरणीतल्या अवयवांवरून कळत नाही. बिल तपासणाऱ्या कारकुनाला जे कागदावर दिसतं तेच तो तपासतो. मीही तेच केलं असतं. म्हणून दर तोडून लिहा: पकडणं आणि परत सोडणं एक, शस्त्रक्रिया दोन, मुक्कामाचा प्रत्येक दिवस तीन, लस चार. आणि कायमच्या कुत्र्यांसाठी दरमहा दर डोई वेगळी रक्कम, वेगळ्या लेखाशीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगळ्या खात्यातून). प्रत्येक कुत्र्याला क्रमांक, उचलतानाचा आणि सोडतानाचा फोटो, जागेसकट. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे, यात अवघड काही नाही.

आणि संस्था पैसे खातात असं म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही ऐकावी. मी संस्थांची आणि ठेकेदारांची बिलं टेबलावर सहा-सहा महिने पडलेली पाहिली आहेत. ‘निधी उपलब्ध झाल्यावर सादर करावे’ असा शेरा मारला की नस्ती, म्हणजे फाईल, कपाटात. रस्त्याचा ठेकेदार त्यात तग धरतो, त्याच्याकडे दुसरी कामं असतात. कुत्र्यांच्या संस्थेकडे रोज सकाळी भुकेली तोंडं असतात. किराणा दुकानदार उधारी थांबवतो, पोऱ्या पगार नाही म्हणून सोडून जातो, डॉक्टर यायचा बंद होतो. मग कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि आपण सगळे संस्थेला शिव्या घालतो. बिल सादर झाल्यापासून तीस दिवसांत पैसे, आणि दोन महिन्यांचा खर्च आगाऊ, एवढं नसेल तर चांगली संस्था तुमच्याकडे येणारच नाही. जी येईल तिची गणितं वेगळी असतील.

भागीदारी नीट झाली तर काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. चेन्नईत १९९६ पासून महापालिका आणि ब्लू क्रॉस ही प्राणी कल्याण संस्था यांनी मिळून नसबंदीचा कार्यक्रम चालवला. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गेल्या दशकात घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, आणि माणसांमधले रेबीजचे मृत्यू काही वर्षं शून्यावर आणून दाखवले. तिथं सरकारनं हात झटकले नाहीत, हे लक्षात घ्या. पैसा, माणसं, पशुसंवर्धन खातं, सगळं बरोबर होतं. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निवाऱ्यात शे-दोनशे कुत्री कोंडून हे होत नाही, त्यासाठी गल्लीत जावं लागतं. निवारा हा या कामाचा छोटा कोपरा आहे, आणि मला भीती वाटते की आदेशाच्या धास्तीनं सगळा पैसा त्या कोपऱ्यात जाईल.

आमच्या कट्ट्यावरच्या एका आबांनी विचारलंच, “भो, पैसा कुत्रासले जाई का मानसेसले?” आबा, माणसालाच जातो. कुत्रं चावल्यावर लसीचे चार-पाच डोस, जखम खोल असेल तर सीरमचं इंजेक्शन, बुडालेली मजुरी, तालुक्याच्या चकरा. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर औषध नाही, माणूस जातोच. (चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरची-हळद भरू नका. विषय निघाला म्हणून सांगितलं.)

संस्था निवडताना माझं एकच म्हणणं आहे: नुसती माया बघू नका, हात बघा. आपल्याकडे गाई-म्हशी बघणारे डॉक्टर गावोगाव आहेत, पण दिवसाला ओळीनं कुत्र्यांची पोटं उघडून नीट शिवणारा हात बसलेले थोडे. तसंच जाळीनं पकडणारी माणसं. मारून-मुटकून पकडलेलं कुत्रं परत सोडल्यावर जास्त चावरं होतं, हे ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा.

छोट्या नगरपालिकांना हे एकट्यानं झेपणार नाही. यावल, फैजपूर, सावदा, रावेर यांनी प्रत्येकी चार पिंजरे बांधून चार फलक लावण्यापेक्षा मिळून एक केंद्र करावं, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा. शिरपूर-दोंडाईचा बाजूलाही तेच. दोन नगरपालिकांचं एकमेकींशी जमत नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

शेवटचा मुद्दा करार संपण्याचा, कारण तो कुणीच लिहीत नाही. तीन वर्षांनी मुदत संपली, नवी निविदा लांबली, जुनी संस्था गेली. आत दीडशे कुत्री आहेत. त्यांचं त्या रात्री कोण बघणार? कुत्री पालिकेच्या ताब्यातली आहेत, संस्था फक्त सांभाळणारी आहे, हे पहिल्याच कलमात हवं. मुदतीच्या सहा महिने आधी नवी प्रक्रिया सुरू करणं बंधनकारक हवं, आणि नवी संस्था रुजू होईपर्यंत जुन्या दरानं जुन्याच संस्थेला पैसे मिळत राहतील अशी तरतूद हवी. तुमच्या गावात असा करार होत असेल तर प्रत माहितीच्या अधिकारात मागवा आणि हे कलम आहे का ते बघा. मला पाठवलीत तर वाचून देईन, सध्या वेळच वेळ आहे.