जनार्दनचं टक्कल आणि सरलाचं वजन

कन्नड सिनेमा म्हटलं की आपल्याकडे आता 'केजीएफ' आणि 'कांतारा' ही दोनच नावं निघतात. मला आज लिहायचंय ते एका छोट्या, कमी पैशांत केलेल्या कन्नड सिनेमाबद्दल. त्यात सोन्याची खाण नाही, जंगल नाही, कुणाच्या अंगात देव येत नाही. मंगळूरच्या एका कॉलेजात कन्नड शिकवणारा 28 वर्षांचा जनार्दन आहे, त्याला टक्कल पडलंय आणि त्याचं लग्न जमत नाहीये. एवढीच गोष्ट. सिनेमाचं नाव 'ओंदु मोट्टेय कथे', म्हणजे एका अंड्याची गोष्ट. 2017 साली आला. राज बी. शेट्टी या माणसानं तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि जनार्दनचं कामही स्वतःच केलं. निर्माता पवन कुमार, 'लूसिया' हा कन्नड सिनेमा करणारा.

गेली काही वर्षं मी भेटेल त्याला हा सिनेमा बघायला सांगतेय. लग्न जमवण्याच्या बाजाराबद्दल इतका खरा प्रेमविनोदी सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितेय.

सुरुवात साधी आहे. ज्योतिषी सांगतो की याचं लग्न वर्षभरात झालं नाही तर हा संन्यासी होणार. झालं, घरात धावपळ सुरू. मुली बघायला जायचं, नकार घेऊन यायचं. नकार देताना कारण कुणी तोंडावर सांगत नाही, पण समोरच्याची नजर एकदा कपाळाच्या वर जाऊन येते आणि ती नजर जनार्दनला दिसते. आपल्याला पडद्यावर फक्त त्याचा चेहरा दिसतो. राज शेट्टी तिथे काहीच करत नाही, नुसता बसून राहतो. विनोदी नटाला काहीच न करणं जमायला फार मोठी ताकद लागते. हिंदीत आणि आपल्या मराठीतही टकलावरचा विनोद म्हणजे टपली, घसरणारा विग आणि 'चंद्र उगवला' छापाची वाक्यं. इथे विनोद आजूबाजूच्या माणसांवर आहे, त्यांच्या अवघडण्यावर आहे. टकलाला कॅमेरा हसत नाही.

आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाचे केस पंचविशीतच गेले. त्याच्यासाठी स्थळं बघितली जायची तेव्हा फोटो कुठला पाठवायचा यावर आईची आणि मावशीची रात्र रात्र चर्चा चालायची. टोपी घातलेला महाबळेश्वरचा की कॉलेजातला जुना? फोनवरून नकार यायचा तो नेहमी 'पत्रिका जुळत नाही' असाच. पत्रिका मागितलीसुद्धा नसायची त्यांनी! भाऊ काही बोलायचा नाही. तो तेव्हा गप्प बसून काय विचार करत असेल हे मला या सिनेमानं दाखवलं. म्हणून मी या सिनेमाची ऋणी आहे.

पण सिनेमा तिथेच थांबला असता तर मी इतकं लिहायला बसले नसते. बिचारा टकला मुलगा आणि दुष्ट समाज, अशी गोष्ट कुणालाही सुचेल. राज शेट्टीनं पुढचं पाऊल टाकलंय. जनार्दनला स्वतःला बायको कशी हवी? सुंदर. कॉलेजातल्या सहकारी बाईंवर त्याचा जीव जडतो तो त्यांच्या रूपावर. मग उत्तरार्धात फेसबुकवरच्या ओळखीतून सरला येते. फोटोतला चेहरा त्याला आवडलेला असतो, पण प्रत्यक्ष भेटल्यावर कळतं की ती जाड आहे. आणि तो माणूस, ज्याच्या डोक्याकडे बघून लोकांनी त्याला नाकारलं, तो तिच्या शरीराकडे बघून मनातल्या मनात तिला नाकारतो. ज्या नजरेनं त्याला इतकी वर्षं पोळलं, तीच नजर आता त्याच्या डोळ्यांत असते.

हा सगळ्या सिनेमाचा कणा आहे. दुःख भोगलेला माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे सांगणारा प्रेमविनोदी सिनेमा आपल्याला कितीदा मिळतो? आमच्याच नात्यातली एक मुलगी आहे. एम.कॉम., बँकेत नोकरी, हसरी. तिला बघून गेलेल्या मुलांपैकी एकाचं पोट तिच्या दुप्पट होतं, आणि त्याच्या घरून निरोप आला, 'मुलीनं थोडं वजन कमी केलं तर विचार करू.' त्या निरोपात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे वधू-वर सूचक मंडळांच्या वह्या भरतात त्या अशाच. मुलाचा पगार, मुलीचा रंग, उंची, बांधा. मुलाचे केस हा रकाना तिथे छापलेला नसतो, पण डोळ्यांत असतो. मुलीचे रकाने मात्र छापलेलेच असतात. जनार्दनचा अपमान कुजबुजत होतो आणि सरलाचा उघड होतो, हा फरक सिनेमा नीट पकडतो.

आता कन्नडच्या मास्तराबद्दल. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की जनार्दन कन्नड शिकवतो. इंजिनिअर नाही, सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्याच्या वर्गात मुलं लक्ष देत नाहीत. लग्नाच्या बाजारात टक्कल हा त्याचा एक उणा गुण आणि भाषेचा मास्तर असणं हा दुसरा. आणि या माणसाचं दैवत आहे डॉ. राजकुमार.

राजकुमार कोण हे महाराष्ट्रात फार लोकांना माहीत नसतं. वीरप्पननं 2000 साली ज्यांना पळवून नेलं आणि 108 दिवसांनी सोडलं ते नट, एवढंच आठवतं. कर्नाटकात ते 'अण्णावरु'. 1954 च्या 'बेडर कण्णप्प'पासून पुढे 200 हून अधिक सिनेमे, आणि स्वतःची गाणी स्वतः गाणारा नट. 1995 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. शाळा अगदी लहानपणी सुटलेली, पण गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढल्यामुळे कन्नड उच्चार असे की लोकांनी त्यावरून भाषा शिकावी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शाळांमध्ये कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून गोकाक चळवळ झाली, तिला खरा जोर आला तो राजकुमार रस्त्यावर उतरल्यावर. चाहत्यांना ते 'अभिमानी देवरु' म्हणायचे. देव म्हणायचे चाहत्यांना! उतारवयात पडद्याबाहेर हा माणूस पांढरा सदरा, पांढरी लुंगी आणि विरळ झालेले केस घेऊन लोकांत बिनधास्त वावरायचा. जनार्दननं नेमका याच माणसाला देव मानावं, यात मला दिग्दर्शकाचं मोठं मन दिसतं. मागे राजकुमारांची जुनी गाणी वाजतात आणि समोर मंगळूरच्या रस्त्यावरून हा एकटा माणूस चाललेला असतो. त्या गाण्यांतल्या प्रेमाची भाषा त्याला तोंडपाठ आहे, पण ती बोलायला माणूस नाही.

आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मराठीच्या सरांना विचारा. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, फेसबुकावर सगळ्यांनी भगवे चौकोन लावले. कन्नडला तो 2008 मध्येच मिळालाय. पण 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'मराठी शिकवतो' असं उत्तर आलं की समोरच्या घरात क्षणभर जी शांतता पसरते ती दर्जानं भरून निघालेली नाही. मुलींच्या बापांना मी दोष देत नाहीये. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तुटपुंजा पैसा मिळतो, तोही महिनोन् महिने रखडतो, हे खरंच आहे. पण भाषेवर प्रेम आहे म्हणणाऱ्या समाजानं त्या भाषेच्या मास्तराला जावई करून घ्यायला बिचकावं, हे मला फार लागतं. 'ओंदु मोट्टेय कथे'नं ते एकही भाषण न ठोकता दाखवलंय.

आणि मंगळूर! या शहरात घराघरांत तुळू, कोकणी किंवा ब्यारी बोलतात आणि कन्नड शाळेतून येतं, म्हणून तिथलं कन्नड थोडं पुस्तकी, शुद्ध वाटतं. बेंगळुरात बनणाऱ्या जुन्या सिनेमांत हा हेल बहुतेक हॉटेलवाल्याच्या किंवा भटजीच्या तोंडी हशा पिकवायला वापरायचे. रक्षित शेट्टी, रिषभ शेट्टी आणि राज शेट्टी या किनाऱ्यावरच्या तिघांनी तो हेल नायकाच्या तोंडी आणला. मुंबईत उडुपी हॉटेलांत वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांना हा सूर ओळखीचा वाटेल. प्रकाश तुमिनाडनं केलेला कॉलेजचा शिपाई श्रीनिवास बघा. जनार्दनला सल्ले देणारा, त्याच्यासाठी धडपडणारा. सिनेमातला सगळ्यात निखळ हशा त्याच्या वाट्याला आलाय आणि सगळ्यात समजूतदार माणूसही तोच आहे.

याच कथेवर 2019 मध्ये हिंदीत 'उजडा चमन' आला. माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात, 'अगं, तो बघितलाय की, तीच स्टोरी ना?' स्टोरी तीच. पण दिल्लीत नेलेल्या त्या गोष्टीत मंगळूर गेलं, राजकुमार गेले, आणि सनी सिंगच्या डोक्यावरचं टक्कल मेकअपनं केलेलं. राज शेट्टीचं टक्कल त्याचं स्वतःचं आहे, आणि ते पडद्यावर कळतं. त्याच्या हात फिरवण्यात कळतं, आरशासमोर उभं राहण्यात कळतं. हिंदीत विनोद मोठ्या आवाजात झाला, घरच्यांचा आरडाओरडा वाढला, आणि जनार्दनचं एकटेपण निसटून गेलं. त्याच वर्षीचा मल्याळम 'तमाशा' मात्र चांगला आहे. विनय फोर्टनं त्यात मल्याळमचा प्राध्यापक केलाय. त्यांनी नायकाची भाषा आपल्या भाषेशी बदलून घेतली आणि गोष्ट केरळची करून टाकली. आणि त्यात सरलाच्या जागी असलेली चिन्नू तिच्या शरीरावरून घाणेरडं लिहिणाऱ्यांना स्वतः उत्तर देते.

इथेच मला मूळ कन्नड सिनेमाबद्दलची माझी एकमेव, पण मोठी तक्रार मांडायची आहे. सरला उशिरा येते आणि तिला पुरेशी जागा मिळत नाही. ती जनार्दनला समजून घेते, हसते, त्याचा संकोच सांभाळते, पण तो तिला का आवडला? त्याच्याआधी किती जणांनी तिला नाकारलं? आरशासमोर ती कशी उभी राहते? जनार्दनला आरसा मिळालाय, सरलाला नाही. शेवटाकडे सिनेमा घाई करतो आणि त्या घाईत नुकसान होतं ते तिचंच. माणूस बदलल्याचं आपल्याला कळतं, पण ज्या बाईमुळे तो बदलला तिच्या मनात काय चाललं होतं ते कळत नाही. शैलश्रीनं सरलाचं काम इतकं मोकळेपणानं केलंय की तिच्यासाठी आणखी चार प्रसंग लिहायलाच हवे होते.

जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'मध्ये बघण्याचा कार्यक्रम मुलीच्या बाजूनं दिसला, आणि तो बघताना मला सतत सरलाची आठवण येत होती. कुणी विचारलं तर मी हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघायला सांगते, आधी कन्नड, मग मराठी. घरात लग्नाचं कुणी असेल तर आई-बाबांनाही शेजारी बसवा. सबटायटल्स लावून मूळ आवाजातच बघा, डबिंगच्या नादाला लागू नका, राजकुमारांची गाणी डब होत नाहीत.

आणि बघून झाल्यावर इथे येऊन मला सरलाबद्दल लिहा. जनार्दनबद्दल सगळेच लिहितात.