रिवाइंडिंगच्या तारेच्या रंगाबद्दल खुलासा

‘मोटर रिवाइंड करताना तार गडद लाल असेल तरच अस्सल तांबं, फिकट सोनेरी म्हणजे भेसळ’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. दिसतो तो रंग वरच्या इनॅमलचा, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपाचा. ॲल्युमिनियमच्या तारेवरही गडद इनॅमल असू शकतं. या मेसेजपायी चांगली तार परत जाते आणि खोटी गळ्यात पडते.

खात्रीसाठी तार कापून टोक कानशीने घासा. आत पांढरट गाभा दिसला तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. शिवाय ॲल्युमिनियमचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मग रिळावरचा उष्णतेचा क्लास, म्हणजे तारेवरचा लेप किती तापमान सोसतो ते बघा: बी म्हणजे १३० अंश सेल्सिअस, एफ १५५, एच १८०.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.