दोन फझ पेडल आणि ‘क्रम कोणताही, आवाज तोच’ हा दावा

नाशिकमध्ये गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की फझ पेडल (गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडायची, आवाज खरखरीत करणारी डबी) आवाजाच्या विद्युत लहरीचे माथे छाटून तिला चौकोनी करते आणि चौकोनी झालेली लहर पुन्हा छाटता येत नाही, त्यामुळे एका फझपुढे दुसरे जोडणे व्यर्थ आहे. क्रम कोणताही ठेवला तरी आवाज तोच येतो, फक्त गोंगाट वाढतो. हे वाचून कॉलेज रोडच्या क्लासमधली मुले दुसरे पेडल विकायला काढतात, म्हणून हा दावा मुद्देसूद तपासणे मला आवश्यक वाटते.

चौकोनी लहरीबद्दल सांगितलेले अर्धेच खरे आहे. एकाच उंचीची, निर्दोष चौकोनी लहर पुन्हा छाटल्याने बदलत नाही, हे मान्य. परंतु तशी लहर फझमधून बाहेर पडत नाही. 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेस या पेडलमध्ये अवघे दोन ट्रान्झिस्टर असतात, त्याची छाटणी वरच्या आणि खालच्या बाजूला सारखी होत नाही, आणि स्वर ओसरू लागला की ती आपोआप सौम्य होत जाते. बिग मफ या दुसऱ्या फझ पेडलची रचना निराळी आहे: त्यात चार ट्रान्झिस्टर असतात, मधल्या दोन टप्प्यांत डायोड छाटणी करतात, आणि त्यानंतर येणारे टोनचे सर्किट साधारण 1000 हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पाडते, म्हणजे तेवढा पट्टा दबतो.

क्रमाचे सगळे महत्त्व या खड्ड्यात आहे. मफ शेवटी ठेवला तर आधीच्या पेडलने काहीही केलेले असो, तो खड्डा अंतिम आवाजात राहतो आणि स्वर रुंद, पण मधोमध पोकळ ऐकू येतो. मफ आधी ठेवला तर खड्डा पडलेला तो आवाज फझ फेस पुन्हा छाटतो, त्यातून नवे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) जन्मतात, खड्डा काही अंशी बुजतो आणि स्वर खरखरीत होऊन पुढे येतो. नॉब न हलवता फक्त केबलींची अदलाबदल करावी आणि पाचवी तार मोकळी छेडावी. फरक पहिल्या आघातातच कळतो. दोन साधे फिल्टर असते तर क्रमाने काहीच बिघडले नसते, पण छाटणी मध्ये आली की उलटसुलट केलेले सारखे उरत नाही.

वरचे सप्तक काढणाऱ्या ऑक्टेव्ह फझच्या बाबतीत तर संदेशातला युक्तिवाद त्याच्यावरच उलटतो. असे पेडल लहरीचा खालचा अर्धा भाग वर दुमडते, त्यामुळे कंपनसंख्या दुप्पट होते. पण आत येणारी लहर खरोखरच समान चौकोनी असेल, तर दुमडल्यावर जवळपास सपाट रेषा उरते आणि वरचे सप्तक फिके पडते. म्हणजे लहर जितकी चौकोनी, तितका क्रम अधिक महत्त्वाचा. ऑक्टेव्ह आधी आणि जाड फझ नंतर ठेवून, मानेकडचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) निवडून, टोन कमी करून बाराव्या फ्रेटच्या पुढे एकेक स्वर वाजवावा. दुप्पट झालेला तो स्वर मग नंतरच्या छाटणीत आणखी ठळक होतो.

याच संदेशाचे काही समर्थक उलट टोकाला जातात आणि क्रम असलाच तर एकच बरोबर, तो म्हणजे फझ फेस थेट गिटारपुढे, असे सांगतात. त्याला आधार आहे. या पेडलचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या संकेताला होणारा विद्युत विरोध) फार कमी असल्याने ते पिकअपवर भार टाकते, आणि म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज स्वच्छ होतो. मध्ये दुसरे पेडल आले की हे नाते तुटते आणि आवाज कर्कश होतो. पण वेगळा आवाज शोधणाऱ्याला कधी तो कर्कशपणाच हवा असतो. त्याला चूक म्हणणे मला पटत नाही.

गोंगाटाची तक्रार मात्र रास्त आहे, कारण पहिल्या पेडलची सळसळ दुसरे वाढवते. त्यावर उपाय आहेत: पहिल्या पेडलचा ‘फझ’ नॉब कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवावा, आणि भरगच्च कॉर्ड टाळावेत. 110 आणि 165 हर्ट्झचे स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्यातल्या फरकाचा 55 हर्ट्झचा स्वर निर्माण होतो, जो पहिल्याचेच खालचे सप्तक असल्याने कानाला गोड लागतो; 110 सोबत 138.6 हर्ट्झचा शुद्ध गांधार घेतला तर फरक 28.6 येतो आणि तो कशातच नीट बसत नाही, म्हणून आवाज गढूळ होतो.

पडताळणी करणाऱ्यांना एक सूचना. काही फझमध्ये असणाऱ्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधली विजेची गळती उष्णतेने वाढते, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ऐकलेला क्रम आणि जानेवारीच्या गारठ्यात ऐकलेला क्रम यांची तुलना करू नये. दोन्ही क्रम एकाच बैठकीत ऐकावेत. पॉझिटिव्ह ग्राउंडचे (बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जोडलेले) जुन्या धाटणीचे पेडल असेल तर त्याला इतरांसोबत एकाच अडॅप्टरवर न जोडता स्वतंत्र बॅटरी द्यावी.