डोकं धुतल्यानं टक्कल पडत नाही

गावातल्या ग्रुपवर फिरतंय : ‘आठवड्यातून एकदाच डोकं धुवा, जास्त धुतलं की टक्कल पडतं.’ हे खरं नाही. माणसाचे रोज ५० ते १०० केस तसेही गळतात. गळलेले केस वेणीत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हातात येतात. आठ दिवसांनी न्हायलं तर गुंता मोठाच दिसणार ना! कपाशीच्या वावरात दिवसभर निंदण करणाऱ्या बाईनं घामानं, धुळीनं भरलेलं डोकं आठवडाभर तसंच का ठेवावं? तेलकट केस एक दिवसाआड धुतले तरी चालतात. कोरड्या, कुरळ्या केसांना मात्र आठवड्यातून एकदा पुरे. चट्टे पडून केस जात असतील तर न्हाणं बंद करू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.