झरीवर साबण कशाला?

परवा परत तेच! आईला घेऊन गोव्यातल्या वेर्ण्याजवळच्या केसरव्हाळच्या झरीवर गेलो. पावसाळ्यात तिच्या पायांना खाज सुटते, आणि हे पाणी कातडीला चांगलं, असा जुन्या माणसांचा भरवसा. बघतो तर धारेखाली एक टोळकं डोक्याला शाम्पू चोळतंय, खाली सगळा फेस. आई साडी सावरून काठावर उभी, आणि तिच्या टाचेपासून वीतभर अंतरावर फुटलेली बियरची बाटली.

अरे, औषधी पाणी म्हणून येता ना? मग त्यातच साबण कालवल्यावर उरलं काय?

तिच्या गुडघ्यांसाठी हिवाळ्यात राजापूरजवळ उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर जातो. जमिनीच्या पोटात खोलवर तापून वर येणारं ते पाणी, गंधकाचा वास असलेलं. तिथेही कठड्यावर शाम्पूच्या पुड्याच!

परवा बोललो, तर एक पोरगा म्हणतो, "काका, झर तुमच्या बापाची काय?" सगळ्यांची आहे, म्हणून तर जीव तुटतो रे!

काचा वेचून पिशवीत भरल्या. आई पाय न भिजवताच घरी आली.