कुजक्या होडीला नवे रूप देण्याचा सोपा मार्ग

गेल्या रविवारी मी माझ्या जुन्या मासेमारी होडीच्या उजव्या कुशीवरचा फायबरग्लासचा थर सोलला. सोलला असे म्हणणे ही माझ्या हातांची फुकटची स्तुती होईल, कारण एका कोपऱ्यात पटाशीचे टोक घालताच तो थर भिंतीवरच्या भिजलेल्या जाहिरातीसारखा आपण होऊन सुटत गेला, आणि त्यामागे फळी म्हणून जे काही होते ते मला सुपलीने गोळा करावे लागले. चार वर्षांपूर्वी ही होडी मला विकणाऱ्या गृहस्थांनी तिचे ‘संपूर्ण नूतनीकरण’ झालेले आहे असे सांगितले होते, आणि त्या दिवशी ती इतकी चकाकत होती की तिच्या कुशीत मला माझा चेहरा दिसला होता. तो चेहरा नेमका कोणत्या प्रकारच्या माणसाचा होता, हे आता माझ्या लक्षात आले आहे.

राग थोडा निवल्यावर मला त्या गृहस्थांच्या कौशल्याची कमालच वाटली. चार वर्षांत मी इंजिन उतरवून पुन्हा उभे केले, केबिनचे छप्पर बदलले, सुकाणू नव्याने बसवले, आणि हे सारे ज्या सांगाड्याच्या भरवशावर चालले होते तो केव्हाच गेलेला आहे याचा मला पत्ताही लागला नाही. अशी विद्या एकाच माणसापाशी राहणे बरे नव्हे. म्हणून ज्यांच्या अंगणात एखादी लाकडी होडी ताडपत्रीखाली उभी आहे, आणि ‘हिला मी पुन्हा पाण्यात उतरवीन’ असे जे दरवर्षी घरच्यांना न चुकता सांगतात, त्यांच्यासाठी ती मी येथे लिहून ठेवीत आहे.

काम तपासणीपासून सुरू करावे असे जुने कारागीर सांगतात. आपण तसे करू नये. टोच्या घेऊन फळ्यांना, बरगड्यांना आणि कण्याला जागोजागी टोचत फिरणे, हातोडी ठोकून कोणते लाकूड खणखणीत बोलते आणि कोणते बद्द वाजते ते ऐकणे, जिथे बद्द वाजले तिथे खडूने खूण करणे, हे सगळे मन खिन्न करणारे उद्योग आहेत. त्यातून निष्पन्न एवढेच होते की जिथे काम नको होते तिथे काम निघते. त्यापेक्षा सरळ रंगाचा डबा उघडावा. रंग शक्यतो गडद निवडावा. गडद रंगाखाली फळ्या उन्हात जास्त तापतात, जास्त सुकतात आणि त्यांच्यामधल्या फटी जास्त रुंदावतात हे खरे; परंतु छायाचित्रात गडद निळ्याला तोड नाही.

टेकूंचा फार विचार करू नये. होडीचा भार कण्याने पेलावा आणि बाजूच्या टेकूंनी तिला केवळ उभी धरावी असा नियम आहे. तो न पाळल्यास टेकू जिथे टेकलेले असतात तिथे कूस आत दबते, आणि ती खळी काही जणांना देखणी वाटते.

पावसाची काळजी करणाऱ्यांची मला गंमत वाटते. लाकडी होडीला समुद्र खातो अशी बहुतेकांची समजूत असते आणि ती मोडण्याचे पाप आपण घेऊ नये. खाऱ्या पाण्यातला नौकाकृमी लाकूड पोखरतो हे खोटे नाही, पण लाकूड कुजवणारी बुरशी पोसली जाते ती गोड्या पाण्यावर. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली राहिला तर तिला वाढता येत नाही. म्हणजे वरून ठिबकणारे पावसाचे पाणी आणि आत कोंदलेली हवा, एवढ्या दोन गोष्टी तिला पुरवल्या की आपले काम संपले. मासेमारीच्या होडीत तर ही सोय मुळातच केलेली असते. मासळीच्या खणात बर्फ भरला जातो, तो वितळतो, ते गोडे पाणी खणाच्या अस्तरामागे झिरपते आणि बरगड्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षे मुरत राहते. हे ओळखून पूर्वीचे नौकाबांधणी करणारे बरगड्यांमधल्या पोकळीत जाडे मीठ भरून ठेवीत, कारण मीठ मुरलेल्या लाकडावर बुरशीचे फारसे चालत नाही. आपण अर्थातच इतके मागासलेले नाही. आपण प्लास्टिकची ताडपत्री चहूबाजूंनी आवळून बांधावी, वाऱ्याला बोटभरही वाट ठेवू नये, आणि आतल्या बाजूने तिला जो घाम सुटतो त्याला आल्हाददायक गारवा म्हणावे.

खिळे जे हाताला लागतील ते मारावेत. तांब्याच्या रिव्हेटशेजारी लोखंडी खिळा ठोकल्यास खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंचा चांगलाच विद्युतघट जमतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो, पण तो फळीच्या आत जात असल्यामुळे बोभाटा होत नाही. गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे भोवतालचे लाकूड फाटते आणि काळे पडते. त्यावर रंगाचे दोन हात पुरतात. स्टेनलेस स्टीलवर तर डोळे मिटून विश्वास ठेवावा. त्या धातूवरचे संरक्षक आवरण प्राणवायू मिळत राहिला तरच टिकते आणि पाण्याखालच्या भिजलेल्या लाकडात तो मिळत नाही, ही किरकोळ बाब झाली.

बरगड्या बदलायच्याच असतील तर सगळ्या एकदम काढाव्यात. एक सोडून एक बदलल्यास होडीचा आकार जसाच्या तसा राहतो, मग नवीन आकार शोधण्याचा आनंद कुठून मिळणार? बरगडी वाकवण्यासाठी लाकडाच्या जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास वाफ द्यावी असा ठोकताळा आहे; आपण ते अर्ध्या तासात बाहेर काढावे आणि मोडले की लाकडाच्या जातीला नावे ठेवावीत.

आता मुख्य विद्येकडे वळतो. लाकडी होडीच्या फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापसाचा पीळ ठासून बसवतात आणि त्यावर मऊ राहणारी लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरतात. होडी पाण्यात गेली की फळ्या रुंदीत फुगतात, कापूस दाबला जातो, जास्तीची लांबी बाहेर उमटते आणि सांधा आपला आपण आवळला जातो. होडी जमिनीवर आली की त्याच फळ्या आकसतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. हा उजेड दिसताच आपण हादरून जावे. होडीला काहीतरी असाध्य झाले आहे असे समजून त्या सुकलेल्या, रुंदावलेल्या सांध्यांत दगडासारखा घट्ट होणारा इपॉक्सीचा लगदा कोंबावा. पुढे होडी पाण्यात गेली की फळ्या फुगू पाहतात, फुगायला जागा नसते, सगळा जोर बरगड्यांवर येतो, खिळे ओढले जातात आणि बरगड्या एकामागून एक तडकतात. माझ्या होडीच्या उजव्या बाजूच्या नऊ बरगड्या जवळजवळ एकाच रेषेत तडकलेल्या आहेत. मी त्या रविवारी दोनदा मोजल्या. आतून अस्तर असल्यामुळे त्या इतकी वर्षे दिसल्या नव्हत्या. पण याचा अर्थ असा होतो की त्या गृहस्थांनी ही होडी एकदा पाण्यात उतरवली होती, तिची हाडे मोडत असताना ते तिथे होते, आणि मग तिला बाहेर काढून, सुकवून, त्यांनी हे सगळे काचेच्या थराखाली पुरले. लाकूड ओलाव्याबरोबर हलते आणि काचेचा थर हलत नाही, त्यामुळे दोघांची पकड सुटते, फटीतून पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. बुरशीसाठी याहून उत्तम पेटी कोणी ठरवून बनवली नसती. हे अज्ञानाने झाले असे म्हणावे, तर एका जागी फळीला पडलेल्या भोकात मला वर्तमानपत्राचा बोळा सापडला. इपॉक्सीत बुडवलेला, फळीच्या जाडीचा केलेला आणि वरून कानस मारून गुळगुळीत केलेला! त्यावरचे शब्दकोडे निम्मे सोडवलेले होते. ज्याला काही कळत नाही तो बोळ्याला कानस मारीत बसत नाही. तो बोळा घडवायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढ्यात तेवढी फळी कापून तिथे नवा तुकडा बसवता आला असता. नवा तुकडा! हातभर लाकूड! परंतु मी येथे उपदेश करायला बसलो आहे, तेव्हा पुढे जातो.

होडीच्या पोटात, कण्याच्या दोन्ही अंगांना, सिमेंट ओतावे. वजनासाठी सिमेंट ओतण्याची चाल मासेमारी होड्यांमध्ये जुनीच आहे, त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि त्याखाली कण्याचे बोल्ट कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहण्याचा प्रश्नच मिटतो.

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकावीत. ती आपली आपण पेट घेऊ शकतात, आणि तसे झाल्यास बाकीच्या सल्ल्यांची गरज उरत नाही.

अधूनमधून पाहुणे येतील आणि ‘अजून झाली नाही का?’ असे विचारतील. 1628 मध्ये बुडालेली वासा ही स्वीडनची युद्धनौका 1961 मध्ये पाण्यातून वर काढल्यावर, केवळ तिचे लाकूड आकसून तडकू नये म्हणून, तिच्यावर सुमारे 17 वर्षे रसायन फवारले जात होते, हे त्यांना सांगून पाहावे. ते गप्प होणार नाहीत. उलट सगळ्या फळ्या बदलल्यावर ती तीच होडी राहते का, हे थीसियसच्या जहाजाचे कोडे ते आपल्याला स्वतःचे म्हणून घालतील. माझ्या होडीपुरते ते कोडे सुटलेले आहे. ज्या फळ्या बदलायला हव्या होत्या त्यांतली एकही कोणी बदललेली नाही, त्यामुळे ती तीच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होडी पाण्यात उतरवू नये. जमिनीवर आजपर्यंत एकही होडी बुडालेली नाही. बरीच वर्षे कोरड्यावर राहिलेली चांगली होडी पाण्यात टेकताच गळू लागते. तिला पट्ट्यांवर तोलून धरावे लागते, पंप चालू ठेवावा लागतो, आणि दोन-चार दिवसांत फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत मालकाला झोप लागत नाही. आपल्या होडीच्या बाबतीत हा प्रकार टाळावा. सकाळच्या तिरप्या उन्हात डाव्या बाजूने तिची छायाचित्रे काढावीत, ‘संपूर्ण नूतनीकरण’ असे लिहावे, आणि ती विकून टाकावी. माझ्यासारखा कोणीतरी येतोच.

आता सरळ बोलतो, कारण हे सोंग मला पुढे नेता येत नाही. होडीचे काम अर्धवट राहणे यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. पैसे संपतात, खांदे दुखू लागतात, घरात कोणी आजारी पडते, आणि ज्या कामाला आपण दोन वर्षे धरली होती त्याची सात वर्षे होतात. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. होडी कुजलेली असणे यातही काही गैर नाही. लाकूड आहे, ते कुजते. पण कुजलेले झाकून विकणे हे निराळे. तुम्ही कपाट विकत नव्हता. कपाटाचे दार निखळले तर कपडे खाली पडतात. होडीची फळी निखळते ती किनाऱ्यापासून दूर, इंजिनाच्या हादऱ्याने, लाटेच्या माऱ्याने, आणि त्या वेळी आत माणसे असतात. येत्या हंगामात मी माझ्या नातीला त्या होडीत बसवणार होतो. तिच्यासाठी लहान मापाचे जीवरक्षक जाकीट आणून ठेवले आहे. तुम्ही ज्या बोळ्याला कानस मारीत होता, तो पाण्याच्या रेषेखाली होता. तो तिथे लावताना तुमच्या मनात आत बसणाऱ्या कोणाचाही विचार आला नसेल, तर तुमच्या हातात हत्यार देऊ नये. आणि विचार येऊनही तुम्ही तो लावला असेल, तर तुमच्याशी बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

करायचे होते ते फार थोडे होते. कुजलेली फळी उघडी ठेवायची. तडकलेल्या बरगडीवर खडूने फुली मारायची. कोणते खिळे काढले, कोणते नवे मारले, कुठपर्यंत पोहोचलो आणि कुठे हात टेकले, हे एका वहीत लिहून ती वही होडीबरोबर द्यायची. किंमत कमी आली असती, हे मान्य आहे. पण मी ती घेतली असती. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे जाणारी तिची ती रेघ पाहून मी तुम्ही तोंड उघडण्याआधीच भुललो होतो. नऊ फुल्या दिसल्या असत्या तरी मी ती घेतली असती. इंजिनाला हात न लावता आधी नऊ बरगड्या बसवल्या असत्या, आणि एव्हाना ती पाण्यात असती.