आधी चिमटा घ्या

पंचेचाळिशी उलटली, गुडघा कुरकुरायला लागला आणि माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत पोस्टाच्या तिकिटांची जुनी वही सापडली, की समजावं, वेळ आली. छंद पुन्हा सुरू करायचा. फक्त लहानपणी केला तसा करू नका. तेव्हा आपण अडाणी होतो.

काय करायचो, आठवा. पाकिटाचा कोपरा कात्रीने कापून वाटीभर पाण्यात टाकायचा आणि वाटीशेजारी उकिडवं बसायचं. दहा-पंधरा मिनिटांनी डिंक सुटायचा, तिकीट कागदापासून अलगद वेगळं व्हायचं, कधी शाई उतरून पाणी जांभळं दिसायचं. मग ते पालथं घालून वर्तमानपत्रावर वाळवायचं, भूगोलाच्या पुस्तकात दाबायचं आणि वहीत चिकटवायचं ते भाताच्या शिताने. हिंज नावाची, तिकीट वहीत चिकटवायची डिंक लावलेली कागदी पट्टी दुकानात मिळते हे माहीत होतं, पण तेवढ्या पैशांत दोन बर्फाचे गोळे यायचे. त्यामुळे २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, साडेतीन आण्यांचं ‘जय हिंद’, तुमच्या वहीत आहे खरं, पण त्याच्या पाठीला आंबेमोहर आहे. जाणकारांत बसलात तर हे बोलू नका.

तर पहिलं काम म्हणजे चिमटा घ्या. तिकिटांचा, स्टीलचा, चपट्या टोकाचा. तिकिटाला बोट लावणं हे आता पाप आहे. पाठोपाठ भिंग, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी (दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते, हे न मोजता इतकी वर्षं जगलात कसे?), अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि काळ्या पानांचा परदेशी अल्बम. हे सगळं घरी येईपर्यंत एकही तिकीट घेऊ नका. पुष्कळ लोक या टप्प्यावरच तृप्त होतात आणि दिव्याखाली नोटा तपासत बसतात.

मग अभ्यास. हेल्वेशिया हा शाळेच्या नकाशात न सापडणारा देश म्हणजे स्वित्झर्लंड, आणि मॅग्यार म्हणजे हंगेरी. रशियाच्या तिकिटावर ‘सीसीसीपी’ आणि ‘नोयटा’ असं वाचायचो आपण. नोयटा ही कोण बाई, यावर आमच्या वाड्यात दोन तट होते. रशियन लिपीत ते ‘पोच्ता’ आहे, पोच्ता म्हणजे पोस्ट. झालं, बाई गेली. ज्ञान वाढलं.

पण खरा अभ्यास अजमान आणि फुजैराचा करा. हातभर वाटावीत अशी तिकिटं, त्यांवर घोडे, फुलपाखरं, अंतराळवीर! एका फुजैरासाठी तुम्ही भारताची बारा मोजून दिली होतीत. आता कळेल की १९७१ साली संयुक्त अरब अमिरात होण्याआधी या छोट्या शेखशाह्यांनी तिकिटं छापायचे मक्ते परदेशी एजंटांना दिले होते, आणि एजंटांनी ती जगभरच्या पोरांच्या खाऊच्या पैशांवर डोळा ठेवून पोत्यांनी छापली. शिक्कासुद्धा आधीच मारलेला. म्हणून तर मागचा डिंक शाबूत असायचा. त्या फुलपाखराने कधी एकही पत्र पोचवलेलं नाही.

पत्र पोचवलेली तिकिटं आजीच्या ट्रंकेत होती. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं होतं. घाईघाईत कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्यूजी रिलीफ’ छापून ते काढलं. आई-बाप आणि दोन मुलं, असं ते चित्र आमच्याकडच्या सात भावंडांच्या पत्रव्यवहारावर वर्ष-दीड वर्ष चिकटत राहिलं. ती सगळी तुम्ही कापून काढलीत आणि पत्रं बंबात घातलीत. जाणकार आता सांगतात की अख्खं पाकीट ठेवायला हवं होतं, शिक्क्यासकट. आत काय लिहिलं होतं, हे जाणकार विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका.

घरच्यांना हा छंद आहे असं चुकूनही सांगू नका. गुंतवणूक म्हणा. १९४८ साली गांधीजींच्या स्मरणार्थ निघालेल्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ (म्हणजे सरकारी कामासाठी) छापलेली चार तिकिटांची पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली, हे जेवताना सहज टाका. तुमच्याकडे त्यातलं दीड आण्याचं आहे. ‘मालिका तीच’ एवढं म्हणून आमटी वाढून घ्या. सिंध डाकचाही उल्लेख करा. १८५२ सालचं, आशियातलं पहिलं तिकीट. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ते आधी लाखेच्या पातळ चकतीवर काढलं आणि ते हातात भुगा व्हायला लागलं. हेच साहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी कोटाच्या भिंती पाडल्या. एकूण मोडतोडीत हात चांगला.

खरेदी रात्री अकरानंतर करावी, मोबाइलवर, आडवं पडून. सात वर्षांत जेवढी जमली नव्हती तेवढी सात मिनिटांत येतात. हंगेरी, तीनशे तिकिटं, सगळी वेगळी. पार्सल आलं की आधी ते उलटसुलट करून बघा, त्यावर तिकीट आहे का. नसतं. बारकोड असतो.

एवढं झाल्यावर एखाद्या रविवारी खालच्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा पोरगा येईल. आत्याच्या राखीच्या पाकिटावरचं तिकीट त्याने हाताने फाडून काढलेलं असेल, मागे कागद तसाच, एक दात तुटलेला. त्याला तुमचं फुजैराचं फुलपाखरू हवं असेल. भिंग काढा, शांतपणे बघा आणि सांगा की दात तुटलाय, याची किंमत शून्य. फुलपाखराचीही शून्यच आहे, पण ते त्याला सांगू नका. वाटी मागेल, देऊ नका. जाताना तो विचारेल, ‘‘काका, मग तुम्ही कुणाशी बदलता?’’

त्याचे हात ओले नव्हते ना, तेवढं बघून अल्बम मिटून घ्या.